वासनिक साहेब आणि गुलाबाचं शरबत

माझ्या मुलाच्या वाढदिवसाला वासनिक साहेबांनी केकचा तुकडा उचलला, तोंडाकडे नेता नेता नाकाशी थांबवला, डोळे मिटले आणि भर पाहुण्यांत विचारलं, "रेवतकर बाई, यात इसेन्स कोणतं हाय?"

मी म्हटलं, "व्हॅनिला असेल."

"असेल म्हणजे? तुमी पाहिलं नाई?"

"दुकानातून आणलाय साहेब."

"तेच म्हणून राहिलो मी. दुकानवाल्यानं सांगतलं आन् तुमी मानलं." त्यांनी तुकडा बशीत ठेवला आणि बशी हातभर लांब सरकवली. केक आणणारी माझी नणंद जी आतल्या खोलीत गेली, ती पाहुणे जाईपर्यंत बाहेर आली नाही.

साहेबांना मात्र आपण काही वावगं बोललो असं वाटलं नाही. व्हॅनिलाचा सुगंध बहुतेक वेळा अल्कोहोलमध्ये विरघळवलेला असतो, ही गोष्ट जगातल्या प्रत्येक माणसाला केक कापण्याआधी माहीत असायला हवी, असं त्यांचं मत. त्या मतासाठी नणंदेचा बळी गेला तरी चालेल.

आम्ही दोघं रायपूरच्या एका खासगी प्रयोगशाळेत काम करतो. राहायलाही चौबे कॉलोनीत एकाच इमारतीत. ते तळमजल्यावर एकटे, आम्ही वर. प्रयोगशाळेत खाण्यापिण्याच्या वस्तू तपासायला येतात. बिस्किटं, लोणची, मसाले, शरबतं. ज्यांना माल आखाती देशांत पाठवायचा असतो किंवा इथंच हलालचं प्रमाणपत्र हवं असतं, त्यांचे नमुने अल्कोहोलसाठी साहेबांकडे जातात. प्रमाणपत्र देणारे वेगळे. आम्ही फक्त सांगायचं, यात आहे की नाही, असेल तर किती. मी नमुने घेते आणि अहवाल टाईप करते. मधलं सगळं वासनिक साहेब.

मधलं म्हणजे एक मशीन. नमुना छोट्या काचेच्या कुपीत बंद करायचा, गरम करायचा, वर जमलेली वाफ मशीनमध्ये सोडायची. पडद्यावर एक रेघ सरळ चालत राहते. अल्कोहोल असलं की ठरलेल्या जागी ती टेकडीसारखी वर चढते. टेकडी नाही आली की बाकीचे सगळे सुटकेचा श्वास टाकतात. साहेबांचा संशय तिथून सुरू होतो.

एकदा बचत गटाच्या बायकांनी मोहाच्या फुलांचे लाडू पाठवले. रेघ सरळ गेली. साहेबांनी दुसरी कुपी लावली. सरळ. तिसरी लावली.

"साहेब, नाहीये त्यात काही," मी म्हटलं.

"मोह हाय आन् दारू नाई?" ते पडद्याकडे बघत म्हणाले. "मले तर हेच जास्त संशयाचं वाटून राहिलं."

त्यांच्या आडनावातच वास आहे, हा विनोद प्रयोगशाळेत इतका जुना झालाय की आता कोणी हसत नाही. "मले वास येऊन राहिला" हे वाक्य ते दिवसातून अनेकदा म्हणतात, आणि दर वेळी कोणीतरी दचकतं. डबा उघडणारा दचकतो, अत्तर लावून आलेली दचकते, होमिओपॅथीच्या गोळ्या खिशात असलेला तर खोलीबाहेरच जातो. हाताला सॅनिटायझर लावून मशीनच्या खोलीत यायची कोणाची छाती नाही. आमचे मॅनेजर तिवारी सर एकदा आले होते. साहेबांनी त्यांना दारातच अडवलं, "सर, पहले हाथ सूखने दीजिए," आणि सरांना, म्हणजे मालकाच्या जावयाला, कॉरिडॉरमध्ये दोन्ही हात पुढे धरून उभं केलं.

आमचा शिपाई उन्हाळ्यात डब्यात बासी आणतो. रात्रीचा भात पाण्यात भिजवून ठेवायचा, सकाळी कांदा-मिरचीबरोबर खायचा. छत्तीसगडात घरोघरी खातात. साहेबांनी एके दिवशी त्याच्या डब्यातून चमचाभर पाणी काढून नेलं. तो बिचारा उपाशी बसून राहिला. बऱ्याच वेळानं साहेब बाहेर आले आणि न्यायाधीशासारखे म्हणाले, "खा. पण लय जुनी करून खात नको जाऊ."

इडलीच्या पिठावर त्यांचा विश्वास नाही. साल काळी पडलेल्या केळ्यावर तर अजिबात नाही. "माणसानं घातलं तर सापडते," ते म्हणतात, "पण केळं सोताहूनच बनवून राहिलं तर कोणाले धरायचं?" खरं तर नियमांनाही हा फरक मान्य आहे. फळ पिकताना आपसूक तयार झालेला अंश वेगळा, बाहेरून घातलेला वेगळा, आणि कुठे किती चालतं ते देशादेशाप्रमाणे वेगळं. साहेबांना हे सगळे नियम पाठ आहेत. पण नियम वाचताना माणसाच्या चेहऱ्यावर जो निवांतपणा यायला हवा, तो त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी पाहिला नाही. मला वाटायचं, या माणसाला लोकांना पकडण्यात मजा येते. शरबतवालीच्या वेळी तर माझी खात्रीच झाली.

रमजानला थोडे दिवस होते. पन्नाशीच्या आसपासच्या हमीदा, सगळ्यांच्या बाजी म्हणजे ताई, गुढियारीहून रिक्षानं आल्या. गुढियारी म्हणजे मालधक्क्याजवळची दाट वस्ती. नवरा गेल्यापासून त्या घरीच गुलाबाचं शरबत करून विकत होत्या. एका व्यापाऱ्यानं सांगितलं होतं, हलालचं प्रमाणपत्र आणा, तुमच्या बाटल्या बाहेर पाठवू. बाटली माझ्या टेबलावर ठेवून त्या हसल्या. "इसमें क्या निकलेगा बेटी? शक्कर है, गुलाब है, नींबू है. मशीन का मुँह मीठा हो जाएगा."

मशीनच्या पडद्यावर टेकडी आली.

साहेबांनी आधी मशीनवर संशय घेतला. रिकामी कुपी लावून पाहिली, रेघ सरळ. मग माझ्यावर घेतला. "बाटली उघडताना हाताले काय लावलं होतं?" साबण, मी म्हटलं. मग हवेवर घेतला; खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, पुन्हा नमुना लावला. पुन्हा टेकडी, तेवढीच. तेव्हा कुठे ते मागे टेकले.

अहवाल आम्ही पाठवून देतो, माणसाला बोलावत नाही. पण हमीदा बाजींना वाचता येत नव्हतं, म्हणून त्या स्वतःच आल्या. साहेबांनी समोर बसवून सांगितलं. मला वाटलं, त्या व्यापाऱ्याचं विचारतील. त्यांनी त्याचं नावही काढलं नाही.

"कब से है ये?" त्यांनी विचारलं.

"मतलब?"

"साहब, मेरा शरबत मोहल्ले की मस्जिद में जाता है. हर रमजान. लोग उससे रोजा खोलते हैं." त्यांनी अहवाल टेबलावर परत सारला. "बूढ़े लोग, दिन भर के प्यासे. मैंने इतने साल क्या पिलाया उनको?"

मी पाणी आणायला उठले. साहेब म्हणाले, "मशीन पुराना नहीं बताती. जो बोतल सामने है, उसका बताती है. पहले का मैं नहीं बोल सकता."

बाई पाणी न पिता गेल्या. मी साहेबांवर उखडले. "एवढं म्हणता आलं नाही तुम्हाला, की पूर्वीचं ठीक असेल म्हणून?"

"असेल?" ते म्हणाले. "म्या पाहिलं का?"

दुसऱ्या दिवशी साहेब सुट्टीवर. वासनिक साहेब सुट्टी घेत नाहीत. ताप आला तरी येतात आणि थर्मामीटरवर संशय घेतात. त्याच्या दुसऱ्या दिवशीही अर्धी रजा. त्यात शिपायानं बातमी आणली की साहेब गुढियारीत दिसले, त्याच शरबतवालीच्या गल्लीत. तिवारी सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "क्या चक्कर है मैडम? रिपोर्ट तो नहीं बदलवा रहे?" लॅबमधल्या पोरींनी दुसराच अर्थ काढला; साहेब एकटे, बाई एकटी. मी दोन्हीवर हसले, पण खरं सांगते, मलाही काही सुचत नव्हतं. ज्याला एक गोड शब्द बोलता आला नाही, तो माणूस तिच्या दारात काय करतोय?

संध्याकाळी साहेबच वर आमच्या दारात आले. आत आले नाहीत.

"बाई, उद्या माह्यासंग गुढियारीले चालता का?"

"काहून?" मीही त्यांच्याच भाषेत विचारलं.

"तिथं मले कोणी काही सांगून नाई राहिलं." ते फार अपमानित दिसत होते. "लोकं माह्यावर संशय घेऊन राहिले."

हे ऐकून मला जो आनंद झाला तो लपवायला मी चप्पल शोधायचं नाटक केलं.

गुढियारीच्या त्या गल्लीत आम्ही शिरलो आणि मला सगळा उलगडा झाला. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, हातात काचेच्या कुप्यांची पेटी, आणि प्रत्येक दारासमोर थांबून हवा हुंगणारा माणूस. गल्लीनं त्यांना अन्न खात्याचा इन्स्पेक्टर समजून टाकलं होतं. कोपऱ्यावरच्या भजेवाल्यानं आम्हाला बघताच कढईवर झाकण ठेवलं. पानवाल्यानं काहीतरी उचलून फळीखाली टाकलं.

"पाहिलं?" साहेब कुजबुजले. "फळीखाली काय टाकलं त्यानं?"

"साहेब, आपण त्यासाठी आलोय का?"

"नाई. पण तरी."

आम्ही आलो होतो ते जुन्या बाटलीसाठी. हमीदा बाजींच्या घरातला मागच्या वर्षीचा सगळा माल संपला होता. पण गल्लीत कोणाकडे तरी, कुठल्या तरी फडताळात, मागच्या रमजानची एखादी न उघडलेली बाटली असणारच, असं साहेबांचं गणित. ती तपासली की मशीनला मागचंही सांगता येईल. दोन दिवस ते दारोदार हेच विचारत होते, आणि लोक दारोदार सांगत होते, "हमारे यहाँ कुछ नहीं है साहब." इन्स्पेक्टरला कोण बाटली देईल?

मी बायकांशी बोलले. मुलांची चौकशी केली, कोणाच्या तरी हातचा कोरा चहा प्यायले. साहेबांनाही कप मिळाला. त्यांनी तो हुंगला; मी पायानं त्यांचा पाय दाबला; ते प्यायले. शेवटी एका म्हाताऱ्या आजींनी पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढून काढली. साड्यांमध्ये गुंडाळलेली एक बाटली होती. लेक माहेरी येईल तेव्हा द्यायची म्हणून ठेवलेली. लेक आलीच नव्हती.

"खोलोगे क्या इसको?" आजींनी विचारलं.

"एक चम्मच लगेगा अम्मा," साहेब म्हणाले. "बाकी सील करके मैं खुद लाके दूँगा." आणि त्यांनी ती बाटली दोन्ही हातांनी घेतली.

तिथून हमीदा बाजींकडे गेलो. दोन खोल्या, मोठं पातेलं, धुऊन पालथ्या घातलेल्या बाटल्या. पातेलं थंड होतं. अहवालापासून त्यांनी चूल पेटवली नव्हती. साहेबांनी साखर पाहिली, लिंबं पाहिली, वाळलेल्या पाकळ्या चुरून हुंगल्या. मग फळीवरची एक लहान तपकिरी बाटली उचलली.

"ये क्या है?"

"खुशबू है. पकाते समय पंखुड़ियों की महक उड़ जाती है ना, तो आखिर में चार बूँद डालती हूँ. पहले वाली दुकान बंद हो गई सर्दी में, तो ये नई दुकान से लाई."

साहेबांनी बूच काढलं, नाकाशी नेलं आणि लगेच लांब धरलं. "मले वास येऊन राहिला," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा ते हे वाक्य बोलल्यावर मला बरं वाटलं.

जुन्या खुशबूची रिकामी बाटली बाजींनी मसाल्यासाठी जपून ठेवली होती, पण ती धुतलेली. तिचा उपयोग नव्हता. सगळी भिस्त आजींच्या बाटलीवर होती. दुसऱ्या दिवशी बाकीची कामं आटोपल्यावर साहेबांनी दोन कुप्या लावल्या. तिवारी सर दारात येऊन उभे राहिले. "वासनिकजी, ये किसका नमूना है? इसका तो आवेदन ही नहीं है."

"मशीन जाँच रहा हूँ सर," साहेब म्हणाले. मी इतक्या वर्षांत त्यांना पहिल्यांदा थापा मारताना पाहिलं, आणि त्या त्यांना अजिबात जमल्या नाहीत. पण तिवारी सर गेले नाहीत, आणि त्यांनी थांबवलंही नाही. तेही पडद्याकडे बघत राहिले.

नव्या खुशबूची रेघ टेकडी नव्हे, डोंगर होऊन वर गेली. मग आजींच्या बाटलीची कुपी. रेघ निघाली, ठरलेल्या जागेपाशी आली, आणि तशीच सरळ पुढे निघून गेली.

साहेबांनी ती कुपी पुन्हा लावली. या वेळी मी काही म्हटलं नाही.

आम्ही लगेच गुढियारीला गेलो. साहेबांनी वाटेत आजींची बाटली परत केली आणि मग बाजींसमोर बसून एकेक शब्द तोलून सांगितलं. मागच्या वर्षीच्या शरबतात नाही. दोष नव्या खुशबूचा. बिन-अल्कोहोलची खुशबूही मिळते, कुठे ते मी सांगतो, आणली की आधी मला दाखवायची. बाजींनी डोळ्यांना पदर लावला. मग म्हणाल्या, "लेकिन अभी जो शब-ए-बरात गई, उस रात मैंने कुछ बोतलें भेजी थीं मस्जिद में. वो नई खुशबू की थीं."

साहेबांचा चेहरा उतरला. एवढी धावपळ करूनही हे उरलंच होतं.

"वो मैंने इमाम साहब से पूछ लिया," बाजी म्हणाल्या. "जाकर सब बता दिया. बोले, तुमको मालूम नहीं था, पीने वालों को मालूम नहीं था. अनजाने में हुआ, उसका गुनाह नहीं. जो बचा है वो फेंक दो. फेंक दिया मैंने."

साहेबांनी खिशातलं एक पेन काढलं आणि पुन्हा खिशात ठेवलं. मग त्यांनी विचारलं, "ये सबको लागू है, या सिर्फ आप लोगों को?"

मला वाटलं, नेहमीचा संशय. बाजींनाही काही कळलं नाही. साहेब माझ्याकडे वळले आणि मराठीत बोलायला लागले. त्यांची हिंदी माझ्यापेक्षा चांगली आहे, तरीही ते मला म्हणाले, "बाई, यायले सांगा. माही माय पंचशील लय मानायची. पाचवं शील तर जीव की प्राण. दारूचा थेंब नाई. रेल्वे कॉलनीत घरोघरी जाऊन बायांसंग दारू बंद कराले लावली होती तिनं. शेवटी शेवटी तिले जेवण पचत नव्हतं. म्या एक अरिष्ट आणून दिलं, जडीबुटीचं. तिनं विचारलं, यात तसलं काही नाई ना रे? म्या म्हणलं, नाई माय. रोज संध्याकाळी माह्या हातानं देऊन राहिलो. तिले बरं वाटे. झोप लागे. ती गेल्यावर सामान आवरताना बाटली हाती आली. तिच्यावर छापलेलं होतं. आपोआप तयार झालेलं अल्कोहोल, इतकं इतकं. म्या वाचलंच नव्हतं. माहा धंदाच तपासाचा, आन् घरची बाटली म्या वाचली नाई." त्यांनी चष्मा पुसला. "आमच्यात माफ कराले कोणी बसलेलं नाई. आपलं आपल्यालेच पाहा लागते. सांगा यायले."

मी बाजींकडे वळले. त्या म्हणाल्या, "समझ गई मैं. बीस साल मराठी मालकिन के घर काम किया है." मग साहेबांकडे बघून, "मैं अपने मन से नहीं बोलूँगी साहब. पूछ के बताऊँगी."

साहेबांनी मान हलवली. मनानं दिलेलं उत्तर त्यांनीही घेतलं नसतं.

रमजान सुरू व्हायच्या आदल्या दिवशी हमीदा बाजी प्रयोगशाळेत आल्या. नमुना नव्हता. साहेबांना बाहेर बोलावलं. ते आले, माझ्या टेबलाशी उभे राहिले.

"पूछ लिया मैंने," बाजी म्हणाल्या.

"क्या पूछा? किन शब्दों में?"

"बोला कि एक साहब हैं, अपने मजहब के नहीं हैं. माँ को दवा देते थे. मालूम नहीं था कि उसमें है."

"नाम बताया?"

"नहीं."

"अरिष्ट था, ये बताया? ऊपर से डाला हुआ नहीं, अपने आप बना हुआ?"

"बताया साहब. सब बताया. इमाम साहब बोले, बेटा दवा समझ के दे रहा था, माँ दवा समझ के पी रही थी. इसमें गुनाह कहाँ है? सबको लागू है, बोले."

"फिर से बोलिए," साहेब म्हणाले.

बाजींनी पुन्हा सांगितलं, अगदी तसंच, शब्द न बदलता.

"एक बार और."

तिसऱ्यांदा सांगताना बाजींचा आवाज हळू झाला, लहान मुलाशी बोलतात तसा. साहेबांनी चष्मा काढून हातात धरला होता. पलीकडे कॉरिडॉरमध्ये तिवारी सर कोणाशी तरी मोठ्यानं बोलत इकडेच येत होते. मी उठले आणि काचेचं दार ओढून घेतलं.